वायफायच्या दांड्या पूर्ण, तरी नेट गायब: मेशमध्ये नेमकं तुटतंय कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. घरात तीन नोडचा मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय पसरवणारे तीन डबे, आणि बाहेरून फायबरची लाइन. दिवसातून चार-पाच वेळा, कधीही, नेट जातं आणि दोन-तीन मिनिटांनी येतं. तेवढा वेळ फोनवर वायफायच्या दांड्या पूर्ण दिसतात, पण काही उघडत नाही. मुख्य नोड बंद करून चालू केला की चालतं. लाइनवाले म्हणतात आमच्याकडे सगळं ठीक, मेशवाले म्हणतात रिसेट मारा. रिसेट तीनदा मारून झालाय. आता हा मेश काढून दुसरा घ्यावा का?

नको. निदान इतक्यात नको. नक्की काय तुटतंय हे कळल्याशिवाय नवा मेश आणलात, तर तोच त्रास नव्या डब्यात भरून घरी आणाल.

आधी एक सवय सोडा: नेट गेलं की धावत जाऊन राउटरचं बटण दाबायची. तुमचं नेट दोन-तीन मिनिटांनी आपोआप येतंच, आणि नोड बंद-चालू व्हायलाही तेवढाच वेळ लागतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, श्रेय मात्र रिस्टार्टला जातं. शिवाय बऱ्याच घरगुती राउटरमधला लॉग, म्हणजे काय कधी घडलं याची नोंद, वीज गेली की पुसला जातो. चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आत आपणच घर झाडून काढावं, तसला हा प्रकार. पुढचे दोन दिवस नेट गेलं तर हात खिशात ठेवा आणि फक्त घड्याळ बघा.

आता ती साखळी डोळ्यासमोर आणा. फोन वायफायने जवळच्या नोडशी बोलतो. तो नोड मुख्य नोडशी बोलतो, यालाच बॅकहॉल म्हणतात आणि बहुतेक घरांत तोही हवेतूनच असतो. मुख्य नोडमधून केबल ओएनटीत, म्हणजे फायबरच्या डब्यात जाते, तिथून कंपनीकडे आणि मग बाहेर. फोनवरच्या दांड्या यातल्या फक्त पहिल्या कडीबद्दल सांगतात. पुढच्या सगळ्या कड्या तुटलेल्या असल्या तरी दांड्या पूर्णच दिसणार. त्यामुळे ‘रेंज फुल्ल आहे, म्हणजे वायफाय ठीक आहे, म्हणजे लाइनचाच दोष’ हे गणित मेशमध्ये चालत नाही. लाइनवर संशय येतो हे कळतंय. तो खराही असेल, पण अजून सिद्ध झालेला नाही.

सिद्ध करायला एक लॅपटॉप पुरतो. जिथे नेट जातं त्याच खोलीत तो ठेवा, झोपू नये अशी सेटिंग करा आणि कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या, तीन खिडक्या उघडा. तिन्हींत पिंग चालवायचं, म्हणजे एखाद्या पत्त्याला सारखं ‘आहेस का?’ विचारून उत्तर येतंय का ते बघायचं. विंडोजमध्ये शेवटी ‘वजा टी’ (-t) लावलं की आपण थांबवेपर्यंत ते चालू राहतं. मॅक आणि लिनक्सवर तसंही थांबत नाही. पहिल्या खिडकीत त्या खोलीतल्या नोडचा पत्ता द्या, तो मेशच्या अ‍ॅपमध्ये नोडच्या नावावर बोट ठेवलं की सहसा दिसतो. दुसऱ्या खिडकीत मुख्य नोडचा, म्हणजे लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणून दिसतो तो. तिसऱ्या खिडकीत बाहेरचा एखादा भरवशाचा पत्ता, ८.८.८.८ किंवा १.१.१.१. काही नोड पिंगला उत्तरच देत नाहीत, तेव्हा सगळं ठीक असताना एकदा तपासून घ्या, नाहीतर मुक्या नोडलाच गुन्हेगार ठरवाल.

मग वाट बघायची. नेट गेलं की तिन्ही खिडक्यांचा आणि घड्याळाचा मिळून एक फोटो काढा. तिन्ही एकदम थांबल्या असतील तर लॅपटॉप आणि जवळचा नोड यांच्यातच तुटलंय. पहिली चालू आणि उरलेल्या दोन बंद असतील तर बॅकहॉल गेला. पहिल्या दोन चालू आणि फक्त तिसरी बंद असेल, तर घरातला मेश निर्दोष आहे आणि गडबड मुख्य नोडच्या पलीकडे आहे. तिन्ही चालू आहेत आणि तरी साइट उघडत नाही, असं असेल तर नावाचा पत्ता शोधून देणारी सेवा, म्हणजे डीएनएस, लटकली. मुख्य नोडमध्ये डीएनएसचे पत्ते बदलून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

जमलं तर दुसरा एखादा लॅपटॉप मुख्य नोडला थेट केबलने जोडून त्यावरही बाहेरचं पिंग चालू ठेवा. वायरवरचं नेटही त्याच क्षणी जात असेल, तर खाली वायफायबद्दल जे लिहिलंय ते सोडून थेट लाइनच्या भागाकडे जा.

घड्याळ बघा म्हटलं त्याचं कारण आहे. नेट ठरावीक अंतराने, म्हणजे बरोबर दर तासाला किंवा दर चोवीस तासांनी जात असेल तर ती मुदत संपण्याची खूण आहे. राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता भाड्याने देतो, तसाच कंपनीही तुमच्या राउटरला देते. मुदत निम्मी झाली की उपकरण नूतनीकरण मागतं, उत्तर नाही मिळालं तर ८७.५ टक्के मुदतीला पुन्हा सगळ्यांना विचारतं, आणि तरीही उत्तर नाही आलं तर मुदत संपल्यावर पत्ता सोडतं. मग नेट जातं, नवीन पत्ता मिळतो, नेट येतं. घरात पत्ते वाटणारे दोन डबे असले की हा घोळ हमखास होतो. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर वाटणाऱ्याकडून उत्तर आलंच नाही असं समजा. रोज ठरावीक वेळीच जात असेल तर मेशचं आपोआप चॅनेल बदलणं, रात्रीचं अपडेट किंवा कुणाच्या तरी फोनचा बॅकअप बघा. आणि काहीच ताल नसेल तर हवेतला अडथळा, उष्णता, अ‍ॅडॉप्टर, केबल.

आता तुमच्या लक्षणांकडे येतो. दांड्या पूर्ण, नेट नाही, दोन-तीन मिनिटांत आपोआप परत, वेळेला ताल नाही. हे ऐकून माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते डीएफएसचं, म्हणजे रडार ऐकू आलं की वायफायने चॅनेल सोडायच्या नियमाचं.

५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातले सगळे चॅनेल वायफायच्या मालकीचे नसतात. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल बहुतेक देशांत रडारबरोबर वाटून वापरावे लागतात, यादी देशागणिक थोडी बदलते. हवामानाची, विमानतळाची, लष्कराची रडारं तिथे असतात आणि मान त्यांचा आहे, आपण पाहुणे. नियम असा की या चॅनेलवर बसलेल्या राउटरला रडारसारखा ठोका ऐकू आला की त्याने दहा सेकंदांत चॅनेल सोडायचा आणि पुढची तीस मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. नवा चॅनेलही त्याच पट्ट्यातला निवडला, तर तिथे बोलायला लागण्याआधी किमान साठ सेकंद गप्प बसून ऐकायचं. युरोपात हवामान रडारच्या चॅनेलवर, म्हणजे १२० ते १२८ च्या आसपास, हे ऐकणं दहा मिनिटांचं असतं.

साध्या एकट्या राउटरवर हे झालं तर फोन फार तर २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर घसरतो आणि तुम्हाला कळतही नाही. मेशमध्ये मात्र मुख्य नोड ज्या चॅनेलवरून उठून गेला, त्यावरच उपनोडचा बॅकहॉल लटकलेला असतो. उपनोड पोरका होतो, मुख्य नोडला शोधत एकेक चॅनेल चाचपत बसतो. तेवढा वेळ त्याचं २.४ चं वायफाय मात्र खोलीत चालूच असतं. फोनला वाटतं सगळं छान आहे. दांड्या पूर्ण, नेट शून्य.

असं एक घर मी पाहिलंय. तिथल्या लोकांनी दोन उपनोड बदलून घेतले होते, तिसरा यायचा होता. मुख्य नोडचा लॉग उघडला तर ‘रडार डिटेक्टेड, चॅनेल १००’ अशा ओळी एकाखाली एक, आणि त्यांच्या डायरीतल्या वेळा त्या ओळींशी मिनिटागणिक जुळत होत्या. जवळपास रडार होतं का? बहुधा नव्हतं. या चिपा कधी कधी दुसऱ्याच कुठल्या सिग्नलला रडार समजून दचकतात. पण खरं असो की खोटं, नियमाप्रमाणे जागा सोडावीच लागते.

तपासायला अवघड नाही. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनलायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप घ्या. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, चॅनेल तिथेच दिसतो. नेट जाण्याआधी १०० आणि आल्यावर ३६ किंवा १४९ दिसत असेल, तर उत्तर सापडलं. बॅकहॉलसाठी वेगळा रेडिओ असलेल्या मेशमध्ये तुमचा फोन तो चॅनेल बघू शकत नाही, तिथे लॉग किंवा अ‍ॅपमधली माहितीच बघावी लागते.

उपाय सोपा आहे, पण तुमचा मेश तो करू देतो का यावर सगळं अवलंबून. अ‍ॅपमध्ये डीएफएसचे चॅनेल बंद करायचा पर्याय असेल तर बंद करा. चॅनेल स्वतः निवडता येत असेल तर ३६ ते ४८ मधला निवडा. दोन्ही नसेल तर चॅनेलची रुंदी बघा, इथे खूप जण फसतात. वेगाच्या हौसेने १६० मेगाहर्ट्‌झ चालू केलेलं असतं. ३६ पासून सुरू होणारा १६० चा पट्टा थेट ६४ पर्यंत जातो, म्हणजे अर्धा रडारच्या हद्दीत. रुंदी ८० वर आणली की तो ३६ ते ४८ मध्ये मावतो. वेगमापक अ‍ॅपमधला आकडा खाली येईल, येऊ द्या. मला विचाराल तर घरगुती मेशवर १६० ही बहुतेक वेळा खोक्यावर छापायचीच गोष्ट आहे.

बॅकहॉल तुटायचं दुसरं कारण अगदी साधं असतं: नोडची जागा. लोक उपनोड तिथे ठेवतात जिथे नेट येत नाही. पण तिथे नेट येत नाही म्हणजे त्या बिचाऱ्या नोडलाही ते येत नाही. तो मुख्य नोड आणि त्या अंधाऱ्या कोपऱ्याच्या मध्ये हवा, जिथे मुख्य नोडचा सिग्नल अजून दणदणीत आहे. आकड्यात सांगायचं तर नोडच्या जागी वजा ६० ते ६५ डीबीएम मिळावा (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकी ताकद जास्त). वजा ७५ च्या खाली गेलात की बॅकहॉल कधी आहे कधी नाही. आरसा, धातूचं कपाट, फ्रिज, पाण्याची टाकी, सळयांची भिंत हे सगळे सिग्नलचे वैरी. टीव्हीच्या मागे लपवलेला नोड दिसायला छान दिसतो आणि कामाला वाईट. एका उपनोडवरून दुसरा उपनोड असा हवेतून हवेत चालला असेल आणि रेडिओ तोच असेल, तर प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो, हेही लक्षात ठेवा. आणि चौथा नोड आणू नका. जास्त नोड म्हणजे हवेत जास्त गोंगाट आणि फोनला दचकायला जास्त कारणं.

फोनचं निघालंच आहे तर: कुठल्या नोडला चिकटायचं हे शेवटी फोन ठरवतो, मेश फक्त सुचवतो. आयफोन साधारण वजा ७० डीबीएमवर दुसरा नोड शोधायला लागतो, मॅक वजा ७५ वर. त्याच्या आत तो जुन्याच नोडला धरून बसतो, तुम्ही नव्या नोडच्या शेजारी उभे असलात तरी. नेट फक्त चालताना, खोली बदलताना जात असेल आणि एका जागी बसून कधीच जात नसेल, तर हा प्रकार समजा. ‘फास्ट रोमिंग’ नावाची, नोड बदलणं झटपट करणारी सेटिंग जुन्या प्रिंटरला, कॅमेऱ्यांना आणि काही लॅपटॉपांना मानवत नाही. एखादंच उपकरण सारखं तुटत असेल तर ती बंद करून बघा. विंडोजवर ‘netsh wlan show wlanreport’ ही आज्ञा प्रशासक म्हणून दिली की गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जुळलं, कधी तुटलं आणि का, याचा आलेख मिळतो. फार कमी जणांना माहीत असलेली पण फुकट आणि उत्तम सोय.

२.४ गिगाहर्ट्‌झबद्दल लांबण लावत नाही. रुंदी २० ठेवा, चॅनेल १, ६ किंवा ११. राउटरला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क चिकटवली असेल तर लांब करा, तिचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात पडतो. मायक्रोवेव्हही त्यातलाच.

आता दोन राउटरचा मामला. मेशच्या अ‍ॅपमध्ये ‘इंटरनेट पत्ता’ बघा. तो १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल, तर बहुधा कंपनीचा डबाही राउटर म्हणून काम करतोय आणि त्याच्यामागे तुमचा मेश दुसरा राउटर. १००.६४ ते १००.१२७ असेल तर ती कंपनीच्या आतली व्यवस्था आहे, तिचा इथे संबंध नाही. या दुहेरी राउटरला लोकांनी जरा जास्तच बदनाम केलंय. गेम आणि घराबाहेरून कॅमेरा बघणं याला तो अडचणीचा ठरतो, पण नुसत्या त्याने दिवसातून पाच वेळा नेट जात नाही. जातं ते त्याच्या अवतीभवतीच्या गोष्टींमुळे: दोन्ही डबे १९२.१६८.१ चेच पत्ते वाटत असतात, कंपनीच्या डब्याचं वायफाय त्याच नावाने चालू राहिलेलं असतं आणि उपकरणं मध्येच तिकडे उडी मारतात, किंवा उपनोडची केबल चुकून मुख्य नोडऐवजी कंपनीच्या डब्यात खोचलेली असते. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर (नुसती लाइन पुढे देणारा) टाका, नाहीतर मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (नुसतं वायफाय देणारा) टाका. दोन्ही एकदम करू नका. मग पत्ते वाटायला घरात कुणीच उरत नाही.

केबलने जोडलेल्या मेशमध्ये वर्तुळ तयार होणं हा आणखी एक प्रकार. एके ठिकाणी नेटवर्क स्विचमागे, म्हणजे अनेक केबल जोडायच्या डब्यामागे, केबलचं लोंबकळणारं एक टोक दिसलं म्हणून घरातल्या कुणीतरी ते त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये नीट लावून ठेवलं होतं. चांगल्या हेतूनेच. मी गेलो तेव्हा स्विचचे सगळे दिवे एका तालात, वेड्यासारखे लुकलुकत होते आणि अख्खं घर ठप्प. असे दिवे दिसले की सगळ्या केबल काढा आणि एकेक करून परत लावा.

फक्त तिसरीच खिडकी बंद पडत असेल तर ओएनटीसमोर जाऊन उभे राहा. लाल ‘लॉस’ (LOS, म्हणजे सिग्नल हरवल्याचा) दिवा लागतोय का? ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसत असेल तर ती नोंदवा. सर्वत्र दिसणाऱ्या जीपॉन प्रकारच्या फायबर लाइनवर ती साधारण वजा ८ ते वजा २७ डीबीएमच्या आत हवी, आणि वजा २७ ला टेकलेली लाइन जरा काही झालं की जाणार. पिवळी बारीक फायबर कुठे करकचून वळली, सोफ्याच्या पायाखाली आली, हे बघा. ओएनटी ते मुख्य नोड ही फूटभर केबल बदला. आतल्या आठ तारांपैकी एक सैल असली की जोडणी गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर येते किंवा क्षणभर तुटून पुन्हा जुळते.

आणि ‘अपटाइम’ बघा. तुम्ही हात लावलेला नसताना मुख्य नोड म्हणतो की मी चाळीस मिनिटांपूर्वीच उठलो, तर तो स्वतःच पडून उठतोय. नव्वद टक्के वेळा अ‍ॅडॉप्टर, असं म्हणायचा मोह होतो, पण गरम कपाटात कोंडलेले नोडही मी तितकेच पाहिलेत. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून बघा.

पिंग तुटत नाही पण वीस मिलिसेकंदांचं नऊशे होतं, असं दिसलं तर कुणीतरी अपलोड भरून टाकलंय. फोटोंचा बॅकअप हा नेहमीचा संशयित. राउटरच्या क्यूओएसमध्ये, म्हणजे कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, अपलोडची मर्यादा लाइनच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा.

तुमच्यासाठी क्रम असा. दोन दिवस खिडक्या आणि डायरी. मग एक लांब लॅन केबल मुख्य नोडपासून उपनोडपर्यंत नुसती जमिनीवरून टाका, दाराखालून, सोफ्यामागून, कशीही, आणि दोन दिवस घरातल्यांची बोलणी खा. नेट जायचं थांबलं तर बॅकहॉल हाच चोर. मग केबल कायमची करा, किंवा ते शक्य नसेल तर डीएफएस बंद, रुंदी ८०, नोड अलीकडे. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. केबल टाकूनही जात असेल आणि तिसरी खिडकीच थांबत असेल, तर लाइनवाल्यांना ‘नेट सारखं जातं’ असं सांगू नका. तारीख, वेळ, किती मिनिटं, वायरवरही गेलं, मुख्य नोड उत्तर देत होता, लॉसचा दिवा कसा होता, प्रकाशाचा आकडा किती, हे लिहून द्या आणि त्या वेळांना त्यांच्या बाजूला तुमचं सेशन तुटल्याची नोंद आहे का ते विचारा.